पुढचं चाक, डिस्क ब्रेक आणि तळव्यावरचा वळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने सायकल घेतली. पुढे-मागे डिस्क ब्रेक, पुढे शॉकर, ऐटबाज काळा रंग. तिसऱ्याच आठवड्यात दारात हजर. "मामा, पुढची डिस्क घासते. दुकानात दोनदा दाखवली. ते कॅलिपर सरकवून देतात, दोन दिवस गप्प बसते, पुन्हा सुरू."

सायकल होती तशी उभी धरली आणि पुढच्या चाकाच्या क्विक रिलीजची (पान्याशिवाय चाक काढता येतं त्या खटक्याची) दांडी उघडायला गेलो. उघडायला काही नव्हतंच. दांडी नटासारखी गोल गोल फिरवून जमेल तेवढी आवळलेली. डाव्या बाजूला ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, आपल्या खाचेच्या तळापासून (वरच्या बंद टोकापासून) चांगला दोन मिलिमीटर खाली उतरलेला. दुकानातल्या पोराने त्या तिरक्या चाकाच्या मापानेच कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, लावला होता. म्हणजे घासणं थांबायचं, तिरकेपणा तसाच. आणि याच सायकलवर हा पठ्ठ्या दोन रविवार सिंहगड चढून उतरून आला होता.

डिस्क ब्रेकच्या सायकलवर नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितोय. ब्रेक वाईट आहेत असं मुळीच म्हणायचं नाही. कोकणातल्या पावसात रिमवर रबर घासणारे ब्रेक वापरलेल्या माणसाला डिस्कची किंमत सांगावी लागत नाही. पण डिस्क ब्रेक पुढच्या फोर्कशी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याशी, असं काही करतो, जे जुने ब्रेक कधी करत नव्हते. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पुढच्या सगळ्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

पाहायचं कसं

सायकलच्या डाव्या बाजूला उभे राहा. पुढचं चाक जरा उचला आणि पुढे जाताना फिरतं तसं हाताने फिरवा. आता डिस्कचा मागचा भाग बघा, फोर्कच्या पायामागचा. तो खालून वर जातोय. कॅलिपर नेमका तिथेच बसवलेला असतो. ब्रेक दाबला की कॅलिपर वर जाणाऱ्या डिस्कला पकडतो, म्हणजेच खाली दाबतो. डिस्क हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला जोडलेली, हब ॲक्सलवर. तेव्हा सगळं चाकच खाली ढकललं जातं. आणि ज्या खाचेत ॲक्सल बसलेला असतो तिचं तोंड कुठे असतं? खालीच.

हा जोर किती, याचा हिशेब चहाच्या टपरीवर बसूनही करता येतो. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो धरू. उतारावर बऱ्यापैकी जोरात ब्रेक दाबला, की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण ४५ किलोचं बळ तयार होतं. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग ॲक्सलपासून सुमारे ३४० मिमीवर. १६० मिमीच्या डिस्कवर कॅलिपरमधले पॅड धरतात ती जागा मात्र ॲक्सलपासून जेमतेम ७३ मिमीवर. तरफेचा नियम शाळेतलाच: पॅडला साडेचारपटीहून जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे दोनशे किलोच्या वर. पुढच्या चाकावर आलेलं वजन उलट चाकाला खाचेत दाबत असतं, ते ८०-८५ किलो वजा करा. तरी शंभराच्या वर उरतातच. सिमेंटच्या दोन गोण्या चाकाला फोर्कमधून बाहेर ओढताहेत असं समजा, आणि त्याही मुख्यतः एकट्या डाव्या बाजूला.

रिमच्या ब्रेकमध्ये ही भानगड नाही. तिथे पकड चाकाच्या वरच्या टोकाला, फोर्कच्या मुळाशी असते. खाचेतून चाक उपटण्याकडे तिचा रोख नसतो. क्विक रिलीज त्याच जमान्यातली. सायकलशर्यतीत चाक पटकन बदलता यावं म्हणून आलेली, आणि पुढे माउंटन बाइकला डिस्क लागली तेव्हा तीच तशीच्या तशी पुढे चालू राहिली. २००३ मध्ये जेम्स ॲनन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वर केला तसाच हिशेब जाहीरपणे मांडला. शिवाय, ब्रेकच्या प्रत्येक दाबाने ॲक्सल खाचेत किंचित सरकत राहिला, तर क्विक रिलीजचा नट हळूहळू सुटू शकतो, हेही त्याने दाखवलं. बरीच वर्षं यावर वाद झाला. आज चांगल्या डिस्कच्या सायकलींना आरपार जाणारा थ्रू ॲक्सल असतो, तो बाकी कारणांबरोबर याही कारणासाठी बरा.

तुमच्या सायकलला काय आहे

तीन प्रकार. एका बाजूला दांडी, दुसऱ्या बाजूला छोटा गोल नट आणि खाच खालून उघडी असेल, तर क्विक रिलीज. खाच नाहीच, दोन्ही बाजूंना बंद भोकं आणि त्यातून १२ किंवा १५ मिमीचा जाड दांडा गेलेला, तर थ्रू ॲक्सल. दोन्ही बाजूंना पान्याचे षटकोनी नट असतील, तर साधा नटाचा ॲक्सल. आपल्याकडे स्वस्त डिस्कच्या सायकली बऱ्याचदा या तिसऱ्या प्रकारात येतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नीट आवळलेला नट ढिल्या क्विक रिलीजपेक्षा कधीही बरा.

याच वेळी आणखी एक गोष्ट बघून घ्या. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली आली असेल तर जरूर. कॅलिपर फोर्कच्या डाव्या पायाच्या मागे आहे ना? तो उजवीकडे आणि पुढे दिसत असेल, तर फोर्कच उलटा फिरवून हँडल बसवलंय. हसू नका, दर वर्षी एखादी तरी अशी सायकल दिसते. चालते, वळतेही, फक्त विचित्र वाटते. वायर किंवा होज (ब्रेकची नळी) कुठे ताणली जात नाही ना हे बघत फोर्क सरळ करा आणि हँडल पुन्हा आवळा.

क्विक रिलीज: घाई न करता

सायकल उलटी ठेवून पुढचं चाक बसवू नका. उलट्या सायकलमध्ये ॲक्सल एका बाजूला तिरका बसला तरी कळत नाही. सायकल सरळ, दोन्ही चाकं जमिनीवर, हँडलवर थोडं वजन. अशाने ॲक्सल दोन्ही खाचांच्या तळाला आपोआप टेकतो.

दांडी कुठल्या बाजूला? जुने सायकलवाले डावीकडे ठेवतात. डिस्क असेल तर उजवीकडे ठेवा, डिस्कच्या विरुद्ध. शिमानोची सूचनाही तशीच आहे. दांडी डिस्कच्या शेजारी असली की एक तर ती डिस्कला लागण्याची शक्यता, दुसरं म्हणजे घाट उतरून पंक्चर झालं तर तापलेल्या डिस्कजवळ बोटं घालावी लागतात. तो चटका मी एकदा खाल्लाय, पुरे.

आता दांडी उघडी ठेवून दुसऱ्या बाजूचा नट बोटांनी थोडा थोडा फिरवा आणि दर वेळी दांडी मिटून बघा. दांडी सायकलपासून सरळ बाहेर, म्हणजे ॲक्सलच्या रेषेत आली, की तिथून तिने अडायला सुरुवात केली पाहिजे. त्याआधीच घट्ट झाली तर ती पूर्ण मिटणार नाही. त्या जागेनंतरही हलकी फिरत असेल तर ढिली. तिथून पुढे तळव्याने दाबून मिटायची. मिटल्यावर तळव्यावर दांडीचा वळ उमटला पाहिजे, आणि बोटं फोर्कभोवती गुंडाळून जोर लावावा लागला पाहिजे. एका बोटाने मिटली तर उघडा, नट पाव फेरा आवळा, पुन्हा.

सगळ्यात मोठी चूक तीच, जी भाच्याच्या सायकलवर होती: दांडी नटासारखी फिरवून आवळणं. दांडीच्या आत एक मध्याबाहेर फिरणारं छोटं चाक असतं, कॅम म्हणतात. जोर ते देतं, आणि ते काम करतं फक्त दांडी *मिटल्यावर*. फिरवून आवळलेली दांडी हाताला घट्ट लागते, पण मिळणारा दाब कॅमच्या दाबाच्या पासंगालाही पुरत नाही. बऱ्याच दांड्यांवर एका बाजूला 'ओपन' आणि दुसऱ्या बाजूला 'क्लोज' कोरलेलं असतं. मिटल्यावर 'क्लोज' बाहेरून दिसलं पाहिजे.

मिटलेली दांडी वर, फोर्कला जवळपास समांतर किंवा मागे वळलेली असावी. पुढे तोंड करून ठेवली तर झुडपात, दोरीत, शेजारच्या सायकलच्या तारांमध्ये अडकून उघडते.

खाचेच्या टोकाला दोन्ही बाजूंना बारीकसे उंचवटे दिसतील. तिकडे त्यांना चेष्टेने 'लॉयर लिप्स' म्हणतात, वकिलांचे ओठ. कंपन्यांवरचे दावे टाळायला आले म्हणून. चाक काढताना नुसती दांडी उघडून भागत नाही, नटही चार फेरे ढिला करावा लागतो, तो यांच्यामुळेच. काही उत्साही मंडळी कानस घेऊन ते घासून टाकतात. करू नका. दांडी उघडी राहिली तर चाक आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढेच उंचवटे असतात. मात्र त्यांच्या जिवावर निर्धास्तही राहू नका, कारण नट थोडा सुटला की तेही कुचकामी.

दांडी विकत घ्यायची वेळ आली तर कॅम आत झाकलेला असलेली आणि आतली कांडी पोलादाची असलेली घ्या. बाहेर उघडा कॅम आणि खाली प्लास्टिकची वाटी असलेल्या हलक्या, रंगीत दांड्या दिसायला छान, पण तेवढ्याच हाताच्या जोरात त्या कमी दाब देतात आणि धूळ-चिखलाने आणखी कमी. मागच्या चाकाला चालतील. डिस्कच्या पुढच्या चाकाला नकोत.

आणि नव्या फोर्कचा एक डाव लक्षात ठेवा. खाचेवर रंगाचा जाड थर असेल तर पहिल्या काही दिवसांत तो दाबाने बसतो आणि आदल्या आठवड्यात घट्ट असलेली दांडी सैल होते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर वळाची परीक्षा पुन्हा घ्या.

पेन्सिल

२०१५ मध्ये ट्रेक कंपनीने एकट्या अमेरिकेत सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष ब्रेकचा नव्हता, फोर्कचाही नव्हता. पुढची दांडी १८० अंशांहून जास्त उघडायची, आणि कुणी ती नीट न मिटता निघालं तर ती चालत्या डिस्कमध्ये अडकू शकायची. डिस्क अडकली की चाक जागीच थांबतं आणि स्वार हँडलवरून पुढे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी १३ कंपन्यांनी मिळून १३ लाखांच्या आसपास सायकली याच कारणासाठी परत बोलावल्या.

तपासणी तेव्हा सांगितली तीच आजही करा. दांडी डिस्कच्या बाजूला असेल तर ती पूर्ण उघडून डिस्कच्या दिशेने जाईल तितकी नेऊन ठेवा. दांडी आणि डिस्क यांच्यामध्ये शाळेची लाकडी पेन्सिल, म्हणजे ६ मिमी, आरपार गेली पाहिजे. नाही गेली तर त्या दांडीवर सायकल चालवायची नाही. नवी दांडी आणा.

बाकीचे दोन

थ्रू ॲक्सलवाल्यांना चाक निसटण्याची चिंता जवळपास नाही. बाहेर पडायला खाचच नाही. तरी ॲक्सल पुसून, पातळ ग्रीस लावून, आटे पहिल्यांदा *बोटांनी* धरले ना हे बघा. तिरके आटे पान्याने दामटले तर खराब होतो तो फोर्क. किती आवळायचं ते बहुधा ॲक्सलवरच छापलेलं असतं, साधारण १० ते १५ न्यूटन-मीटरच्या मध्ये.

नटवाल्यांनी नटाखालचा वायसर नीट बघावा. पुढच्या चाकाला एका कडेने आकडा आलेला वायसर असतो आणि तो आकडा फोर्कमधल्या छोट्या भोकात अडकवायचा असतो. पंक्चरच्या दुकानात हे वायसर डब्यात राहून जातात आणि सायकल त्यांच्याशिवाय घरी येते. ॲक्सल खाचेच्या तळाला, आकडे भोकात, मग १५ च्या पान्याने दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. सैल बसणाऱ्या पान्याने नाही, त्याने नटाचे कोपरे झिजतात आणि मग घट्ट आवळताच येत नाही.

फोर्क

जुनी रिम-ब्रेकची सायकल घरी आहे, डिस्क लावून घेऊ का, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. पाठोपाठ वाक्य ठरलेलं: आमच्याकडचा वेल्डिंगवाला कॅलिपरची पट्टी लावून देतो म्हणतोय.

नको. रिम-ब्रेकच्या फोर्कवर ब्रेकचा जोर वरच्या टोकाला येतो. पाय खाली निमुळते आणि पातळ केलेले असतात, धक्के सोसावेत म्हणून. डिस्कचा सगळा जोर नेमका त्या पातळ टोकाला, तोही एकाच पायाला पिळतो. डिस्कसाठी बनवलेल्या कित्येक फोर्कमध्ये डावा पाय उजव्यापेक्षा जाड असतो तो उगीच नाही. त्यातून वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू बदलतो. डिस्क हवी असेल तर डिस्कचाच फोर्क आणि डिस्कचाच हब घ्या, किंवा आहे त्या सायकलला चांगले रबर टाकून मजेत फिरा.

डिस्क मोठी करायची असेल तर फोर्कला जास्तीत जास्त किती मिमीची डिस्क चालते ते कंपनी सांगते. त्यावर जाऊ नका. गंमत अशी, की चाक बाहेर ढकलणारा जोर मोठ्या डिस्कमध्ये उलट कमी होतो, कारण पॅड ॲक्सलपासून लांब जातात. पण ब्रेकची ताकद वाढते आणि ती सगळी त्या एका पायाला पेलावी लागते.

महिन्यातून एकदा फोर्क पुसा आणि कॅलिपरच्या जोडाभोवती बॅटरीच्या उजेडात बघा. रंगात केसाएवढी रेघ, पोलादी फोर्कवर रेघेतून झिरपलेला गंज, कार्बनवर पांढुरकी भेग, यातलं काहीही दिसलं तर सायकल तिथेच थांबवायची. मग ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. कॅलिपर फोर्कवर हलता कामा नये. त्याचे बोल्ट बहुतेक ब्रेकना ६ ते ८ न्यूटन-मीटर लागतात. डिस्कचे सहा बोल्ट असतील तर ते टी-२५ च्या (ताऱ्यासारख्या टोकाच्या) पान्याने समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे, चारचाकीचं चाक बसवतात तसे.

डिस्कवरचा बाणही फिरण्याच्या दिशेने असू द्या. बहुतेक डिस्क नव्या असताना १.८ मिमी जाड असतात, शिमानो १.५ मिमीला बदला म्हणते.

तेल

हे वेगळं लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. ब्रेक किंचाळतो म्हणून डिस्कवर तेलाचे दोन थेंब सोडणारे लोक आहेत. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, काय वाट्टेल ते. आवाज लगेच थांबतो. ब्रेकही. पॅड तेल पितात आणि मग कितीही पुसलं तरी ते बहुधा टाकावेच लागतात. साखळीला तेल देतानाही डिस्कवर कापड धरा, फवारा उडतो. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं, बोटं न लावता.

नवे पॅड लगेच पूर्ण ताकदीने धरत नाहीत. मोकळ्या सपाट रस्त्यावर २०-२५ च्या वेगाने जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबा, चाक न अडवता, असं वीसेक वेळा. मगच घाट.

घाटात

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही जोरात, मग सोडून द्या, डिस्कला वारा लागू द्या. ताम्हिणीसारख्या लांब उतारावर मध्ये एकदा थांबलं तर कुणी नावं ठेवत नाही, फोटो काढायचं निमित्तही होतं.

यातल्या कुठल्याही खुणेला मात्र थांबायचंच: पुढचा ब्रेक दाबताच खालून 'टक्' असा एक आवाज, आतापर्यंत गप्प असलेली डिस्क खड्ड्यानंतर अचानक घासायला लागणं, सकाळी वर असलेली दांडी आता भलत्याच दिशेला दिसणं. पहिल्या दोन्हींचा अर्थ बऱ्याचदा एकच असतो, ॲक्सल खाचेत सरकला. म्हणून डिस्क घासली की कॅलिपरला हात लावण्याआधी चाक. दांडी उघडा, सायकलवर वजन द्या, चाक तळाला बसू द्या, वळ उमटेपर्यंत मिटा. दहातल्या निम्म्या वेळा घासणं तिथेच संपतं. नाही संपलं तर कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करून, ब्रेक दाबून धरून, पुन्हा आवळा.

सकाळी निघताना पुढचं चाक उचलून वरून एक मूठ मारा. चाक तसूभर हललं नाही, दांडी जागेवर आहे, ब्रेक हँडलला टेकेपर्यंत येत नाही, झालं. अर्धा मिनिटही लागत नाही.

चाक काढून सायकल एसटीच्या टपावर किंवा गाडीच्या डिकीत टाकणार असाल, तर पॅडमध्ये जाडसर पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा. चाक नसताना कुणी ब्रेक दाबला तर हायड्रॉलिक (नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि उतरल्यावर डिस्क आतच जात नाही.

चाक काढलं की क्विक रिलीजच्या दोन शंकूसारख्या स्प्रिंगा नेमक्या गवतात पडतात. बसवताना त्यांचं निमुळतं टोक आत, हबकडे. उलटी बसवली तर ती खाचेत चिमटली जाऊन दांडी खोटीच घट्ट लागते. सापडल्याच नाहीत तर घाबरू नका. त्या फक्त चाक घालताना कांडी मध्यावर धरतात, दाबाशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्याशिवाय घरी जाता येतं.